शस्त्रविक्रेता (भारतीय कायदा)

शस्त्रविक्रेता म्हणजे शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ अन्वये परवाना घेऊन बंदुका व दारूगोळा विकणारा व्यापारी. ग्राहकाचा परवाना वेगळा असतो; २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय स्थापन झाल्यापासून सांगवीतील रहिवाशांसाठी तो देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे.

शस्त्र सोपवण्यापूर्वी घेणाऱ्याला ते बाळगण्याचा हक्क आहे याची खातरजमा न करणे हाच कलम २९ नुसार गुन्हा आहे. त्यामुळे 'मला ठाऊक नव्हते' ही सबब विक्रेत्याच्या फारशी उपयोगी पडत नाही. कलम ९ प्रमाणे एकवीस वर्षांखालील व्यक्तीला बंदूक विकता येत नाही. नेमबाजीच्या सरावासाठी मात्र मर्यादित सवलत आहे. जुन्या माहितीवर विसंबणेही धोक्याचे, कारण २०१९ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकाची मर्यादा तीन बंदुकांवरून दोनवर आणली.