वेरूळ : लेण्यांच्या पायथ्याचे गाव

छत्रपती संभाजीनगर शहराच्या वायव्येस सुमारे ३० किलोमीटर अंतरावर, खुलताबाद तालुक्यात वेरूळ हे गाव वसले आहे. येथील डोंगरात कोरलेली बौद्ध, हिंदू व जैन अशी ३४ लेणी १९८३ साली जागतिक वारसा म्हणून नोंदली गेली. परंतु लेणी पाहून परतणाऱ्या प्रवाशास पायथ्याच्या गावाची ओळख सहसा होत नाही. वास्तविक डोंगर, पाणी व माती यांच्याशी गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेला संबंध हाही या गावचा वारसाच होय.

राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळी, आठव्या शतकात, कैलास लेणे अखंड काळ्या पाषाणातून कळसापासून पायापर्यंत कोरले गेले. हाच पाषाण या भागातील शेतांखालीही आहे. अखंड पाषाणात पाणी मुरत नाही. ते केवळ त्यातील भेगांत व वरच्या मुरमाच्या थरात साठते. म्हणून विहिरीस पाणी लागणे हे या भेगांवर व मुरमावर अवलंबून असते. गावालगतची येळगंगा पावसाळ्यात २९ व्या लेण्याजवळ धबधब्याने कोसळते. पाऊस सरला की तिचा ओघ आटतो. तेव्हा पाणी साठविल्यावाचून येथे गत्यंतर नाही.

जुन्या पिढ्यांनी हे जाणले होते. गावातील शिवालय तीर्थ हे पायऱ्यांचे दगडी कुंड याची साक्ष देते. उन्हाळ्यात पाणी जसजसे खाली जाते, तसतसे पायऱ्यांनी उतरून ते घेता येते. घृष्णेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकर यांनी केला. वेरूळची पाटीलकी भोसले घराण्याकडे होती. या घराण्यातील मालोजीराजे हे छत्रपती शिवाजी महाराजांचे आजोबा. शिखर शिंगणापूर येथील तलाव मालोजीराजांनी बांधविला, असे परंपरा सांगते. गावचा कारभार व पाण्याची सोय या गोष्टी पूर्वी परस्परांपासून वेगळ्या मानल्या जात नसत, हे यावरून दिसते.

महाशिवरात्रीस व श्रावणी सोमवारी येथे यात्रेकरूंची दाटी होते. दौलताबाद ते वेरूळ या रस्त्याच्या कडेस हंगामात पेरू व सीताफळे विक्रीस येतात. अशा रीतीने वारशामुळे शेतकऱ्याच्या मालास दारातच गिऱ्हाईक मिळते. म्हणून वारशाची जपणूक हे केवळ सरकारी खात्याचे काम नसून त्यात गावाचेही हित आहे.

यासाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. पहिली गोष्ट अशी की, संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामास मनाई असून त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगीवाचून बांधकाम करता येत नाही. १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने हे नियम घातले आहेत. घर वा गोठा बांधण्यापूर्वी ग्रामसेवकाने शेतकऱ्यास याची कल्पना द्यावी.

दुसरी गोष्ट म्हणजे, नांगरताना अथवा विहीर खोदताना नाणी, दागिने किंवा अन्य पुरलेले धन सापडल्यास ते वाटून घेऊ नये वा वितळवू नये. १८७८ च्या कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक किमतीच्या अशा ठेव्याची लेखी वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस देणे बंधनकारक आहे. वस्तू कोठे व केव्हा सापडली, हे त्या वर्दीत लिहावे. जागा हलली की वस्तूचा इतिहास नष्ट होतो.

तिसरी गोष्ट जुन्या बारवांची. वापर थांबला की बारव गाळाने व केरकचऱ्याने भरते आणि तिचे झरे बुजतात. पावसाळ्यापूर्वी गावाने श्रमदानाने गाळ काढावा. मात्र बारव संरक्षित असल्यास पुरातत्त्व खात्याची संमती आधी घ्यावी. पायरीचा एकही दगड हलवू नये. पूर्वजांनी पाषाणात केलेली पाण्याची सोय पुढील पिढीच्या हाती शाबूत देणे, हे प्रत्येक गावाचे कर्तव्य होय.