आमची गुरे बारा महिने काय खातात?

निबंधात आपण लिहितो, गाय हा पाळीव प्राणी आहे, ती गवत खाते. पण कोणते गवत? आणि उन्हाळ्यात हिरवे गवत नसते तेव्हा काय खाते? ते मी या लेखात सांगणार आहे. आमच्या घरी दोन खिलार गाई आणि एक बैलजोडी आहे. सुट्टीच्या दिवशी मी आजोबांबरोबर गुरे राखायला जातो. आमचा माण तालुका कमी पावसाचा. म्हणून इथे चारा जपून वापरावा लागतो.

गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती जिभेने गवताला विळखा घालते आणि ओढून तोडते. म्हणून अगदी बारीक गवत तिला धरता येत नाही. ते शेळ्या-मेंढ्या खातात. गाय आधी भराभरा खाते, मग सावलीला बसून रवंथ करते. रवंथ करणाऱ्या गाईला उठवू नये.

मृगाचा पाऊस पडला की माळ हिरवा दिसतो. गुरे इकडून तिकडे पळतात, पण तोंडात काही येत नाही. आजोबा म्हणतात, "हे हिरवं नुसतं डोळ्याला. गवताला मूळ धरू दे." म्हणून पहिले पंधरा दिवस आम्ही गुरे माळावर सोडत नाही.

श्रावण-भाद्रपदात माळावर पवना, मारवेल आणि कुसळी वाढते. मारवेल गुरे आवडीने खातात. कुसळी कोवळी असते तोवरच खातात. कुसळे आली की ती तोंडात टोचतात, आणि आपल्या चड्डीलापण चिकटतात. तरवड आणि रुईला गाय तोंड लावत नाही. घाणेरी खाल्ली तर विषबाधा होते. या दिवसांत रानात पिके असतात, म्हणून डोळ्यांत तेल घालून राखावे लागते. पाण्यावाचून सुकलेली कोवळी ज्वारी खाल्ली तर जनावर दगावतेसुद्धा. त्याला किराळ लागणे म्हणतात.

दिवाळीपर्यंत बाजरी निघते आणि सरमाड मिळते. बांधावरचे गवत आई कापून आणते. फाल्गुनात शाळू निघाला की राने मोकळी होतात. मग गुरे कुणाच्याही रानात चरली तरी कोणी बोलत नाही, कारण शेण त्याच रानात पडते. कडब्याची गंज घरामागे रचतात. चैत्र-वैशाखात गुरे बाभळीच्या शेंगा, ओढ्यातली हराळी आणि माळावरचे वाळके गवत खातात. संध्याकाळी घरी कडबा. वाळके गवत दिसायला टाकाऊ दिसते, पण त्याच्यामुळेच कडबा पावसापर्यंत पुरतो.

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मला लाज वाटते. मागच्या माघ महिन्यात आम्ही तिघा मुलांनी माळावर हरभऱ्याचा हावळा भाजला. विस्तव नीट विझवला नाही. वारा सुटला आणि गवत पेटले. मोठी माणसे हिरव्या फांद्या घेऊन धावली, तरी अर्धा माळ जळाला. मी म्हणालो, "जळल्यावर गवत चांगलं येतं म्हणतात ना?" आजोबा म्हणाले, "येईल की, पाऊस पडल्यावर. तोवर गुरांनी काय राख खायची?"

तसेच झाले. कडबा वैशाखाच्या सुरुवातीलाच संपला. बाबांनी उसनवारी करून पेंढ्या आणल्या. तरी पुरेना, म्हणून तांबू गाय मामांच्या गावी कृष्णाकाठी नेऊन ठेवली. बेंदराला आमच्या गोठ्यात एक दावे रिकामे होते. आई काही बोलली नाही, पण मला पोळी गोड लागली नाही. श्रावणात तांबू परत आली.

२०१९ च्या दुष्काळात आमच्या तालुक्यात चारा छावण्या उघडल्या होत्या. तेव्हा पाऊसच नव्हता. पण या वेळी चारा होता, तो आम्ही जाळला.

यंदा बाबांनी आणि इतर माणसांनी माळाच्या कडेने गवत कापून मोकळा पट्टा काढला आहे. आम्ही तिघांनी कापलेले गवत वाहिले. बालमित्रांनो, माळावर हावळा भाजू नका. घरी भाजा, तो तितकाच गोड लागतो. आणि हा लेख वाचणाऱ्या पालकांनीही माळावर विडी-काडी टाकू नये, ही विनंती.

— एक विद्यार्थी, इयत्ता चौथी