फांदीचं कडं

मे महिना लागला की पुण्यातल्या सोसायट्यांमधून मला फोन येऊ लागतात, आणि मागणी बहुतेक एकच असते: ‘मॅडम, पावसाच्या आत झाड जरा बोडकं करून द्या.’ गेली एकोणीस वर्षं झाडांची निगा राखणं हा माझा व्यवसाय आहे. उद्यानविद्या दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकले, दोरावर चढायला नंतर शिकले. माझ्याबरोबर चार माणसं असतात, प्रत्येकाला हेल्मेट, कमरेचा पट्टा, दोन दोर आणि हातकरवत. इतक्या वर्षांत आम्ही एकही निरोगी झाड बोडकं केलेलं नाही.

त्याचं कारण समजायला आधी एक जागा बघायला हवी. आंबा असो, कडुनिंब असो, फांदी जिथं खोडातून बाहेर पडते तिथं साल थोडी फुगलेली असते, मनगटात घट्ट बसलेल्या बांगडीसारखी. आम्ही तिला कडं म्हणतो. कडं खोडाचं असतं, फांदीचं नव्हे. फांदी मेली किंवा मोडली तर कुजणं खोडात शिरू नये म्हणून झाड याच ठिकाणी आडकाठी उभी करतं. म्हणून काप कड्याच्या अगदी बाहेरून घ्यायचा. तसा घेतला तर वर्षभरात जखमेच्या भोवती नव्या सालीची गोल, सारखी कड चढू लागते. कड्यासकट कापलं तर जखम मोठी होते आणि नवी साल फक्त दोन्ही बाजूंनी येते, वर-खाली उघडंच राहतं. आणि फांदीचा वीतभर खुंट ठेवला तर तो कुजतो, आणि त्याच्यावरून साल मिटू शकत नाही.

हे मला फार उशिरा कळलं. दापोली तालुक्यात आमच्या घरामागं आजोबांनी लावलेला हापूस होता. 2004 साली कौलांवर येणारी त्याची मांडीएवढी फांदी मी खोडाला लागून सपाट कापली आणि वर डांबर फासलं. तेव्हा सगळे तसंच करत. आजोबा खालून म्हणत होते, ‘बाय, जरा सोडून काप.’ त्यांनी आयुष्यभर आंबे छाटले होते, पण कारण त्यांना सांगता येत नव्हतं आणि मला ऐकायचं नव्हतं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. आमच्याकडं नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, तेव्हा एक आंबा मोडला यात नवल नाही. पण तो मोडला नेमका त्या कापापाशी. आतलं लाकूड तपकिरी, भुसभुशीत, कोपरापर्यंत हात जाईल इतकं पोकळ झालेलं. डांबराचा थर वर तसाच शाबूत होता.

अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हेच हजारो झाडांवर पाहिलं होतं. पूर्वीचे अभ्यासक खोड आडवं कापून चकत्या तपासत. शायगोंनी यांत्रिक करवतीनं खोडं उभी चिरली, पंधरा हजारांहून अधिक. त्यातून दिसलं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरत नाही. झाड बिघडलेलं लाकूड दुरुस्त करत नाही, ते कोंडून टाकतं आणि त्याच्यावर नवं लाकूड चढवतं. त्या कोंडवाड्याला चार भिंती असतात. वर-खाली जाणारी भिंत सर्वांत कच्ची, म्हणून कुजणं खोडात उभं पसरतं. जखमेनंतर तयार होणाऱ्या नव्या लाकडाची भिंत सर्वांत पक्की. डांबर किंवा तेलरंग यातली एकही भिंत उभारत नाही, उलट आत ओल धरून ठेवू शकतो. कोकणातले बागायतदार आंब्याच्या कापावर मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावतात. ते बुरशीनाशक आहे, त्याला माझा विरोध नाही. पण चुकीच्या जागी घेतलेला काप पेस्टनं बरोबर होत नाही.

आता बोडकं करण्याविषयी. पान म्हणजे झाडाची चूल. सगळी पानं एका दिवसात उतरवली की झाड साठवणीतलं अन्न काढून घाईघाईनं धुमारे फोडतं. लोकांना वाटतं, बघा, कसं जोमानं फुटलं! तो जोम नाही, ती उपासमार आहे. शिवाय हे धुमारे सालीच्या लगेच खालून निघतात. मूळ फांदी वर्षानुवर्षं खोडाबरोबर वाढून लाकडात रुतलेली असते, धुमारा नुसता चिकटलेला असतो, आणि त्याच्या खालचा खुंट तोवर कुजायला लागलेला असतो. एका सोसायटीत ठेकेदारानं गुलमोहराचा शेंडा असाच उडवला होता. चौथ्या पावसाळ्यात पोटरीएवढा जाड धुमारा सालीसकट सोलून खाली आला. खाली दोन स्कूटर होत्या. संध्याकाळी त्याच जागी मुलं खेळतात.

आम्ही आधी वाळलेल्या फांद्या काढतो, मग एकमेकींवर घासणाऱ्या, मग चिरलेल्या बेचक्यातल्या. लांब, जड फांदी तिच्या एखाद्या दमदार उपफांदीपर्यंत आखूड करतो. एका वेळी हिरव्या पसाऱ्याचा चौथा हिस्सा ही वरची मर्यादा, म्हाताऱ्या झाडाला त्याहून कमी. मोठी फांदी तीन कापांत उतरते: पहिला खोडापासून हातभर अंतरावर खालून, अर्धवट. दुसरा त्याच्या थोडा बाहेर, वरून, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलत नेत नाही. उरलेला खुंट तिसऱ्या कापानं, कड्याबाहेरून.

ढोली दिसली की लोक घाबरतात आणि तिच्यात सिमेंट भरतात. तसं करू नका. झाड वाऱ्यात डुलतं, सिमेंट डुलत नाही, दोघांच्या फटीत पाणी साचतं. बाहेरचं लाकूड जाड आणि निरोगी असेल तर पोकळ झाड वर्षानुवर्षं उभं राहतं, आणि त्यात पिंगळा राहतो, पोपट राहतात. मला भीती वाटते ती बुंध्याशी उगवलेल्या टणक अळंबीची आणि कापलेल्या मुळांची. झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात. गटारासाठी, केबलसाठी चर खणतो तेव्हा तीच तुटतात. त्यावर बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले की मुळांची हवाही जाते. राष्ट्रीय हरित लवादानं 2013 मध्ये दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं. तेवढं मोकळं आळं आपल्या सोसायटीत ठेवायला कुठल्याही आदेशाची वाट बघायला नको.

झुडपं जास्त सोशिक असतात. जास्वंदीला फूल नव्या फुटीवर येतं, त्यामुळं छाटल्यावर ती खूश असते. मोगऱ्याचं पाणी थंडीत तोडून मग छाटा, उन्हाळ्यात फुलेल. कुंपण खाली रुंद आणि वर अरुंद ठेवा, नाहीतर ऊन न मिळून तळ उघडा पडतो. कण्हेरीची छाटण मात्र जाळू नका, तिचा धूर विषारी असतो.

महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी 1975 पासून कायदा आहे. त्यात झाड तोडणं म्हणजे फक्त बुंध्यातून कापणं नव्हे, जाळणं किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणंही त्यात येतं. पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी आधी घ्या, आणि छाटणाऱ्याला विचारा, ‘काप कुठं घेणार?’ त्याला बोटानं कडं दाखवता आलं नाही, तर त्याला झाडावर चढू देऊ नका.

आणि फोन मे महिन्यात करू नका. तेव्हा कावळ्यांची घरटी भरलेली असतात, आणि वळीव कधी येईल सांगता येत नाही म्हणून सगळ्यांनाच घाई असते. वाळलेली, लोंबती फांदी कधीही काढावी. बाकीच्या छाटणीसाठी दिवाळीनंतर बोलवा. हवा कोरडी असते, चैत्राची पालवी फुटायला अवकाश असतो, आणि आम्हालाही झाडाखाली तासभर उभं राहून नीट वर बघायला वेळ मिळतो.