शिडीच्या गल्लीतल्या 'मामा'

मैत्रिणींनो, दारू म्हटलं की आपल्या कपाळावर आठी येते. बाटली आडवी करायला आपणच रांगेत उभ्या होतो. तरी जपानच्या या मालकिणींचं ऐका.

टोकियोच्या शिंजुकू भागात 'गोल्डन गाई' नावाच्या 6 चिंचोळ्या गल्ल्या आहेत. तिथे दारूची 200च्या वर दुकानं, एकेक आपल्या स्वयंपाकघराएवढं. इथे थोडी पिऊन पुढच्या दारी जायचं, याला 'हाशिगो-झाके' म्हणतात. हाशिगो म्हणजे शिडी. बऱ्याच ठिकाणी मालकीण बाईच. तिला सगळे 'मामा' म्हणतात. आपला मामा नव्हे, आई! ती न मागता छोटी वाटी पुढे ठेवते आणि तिचेही पैसे लावते. आम्हाला पटतं, नाहीतर 7-8 खुर्च्यांवर भाडं निघायचं कसं?

1980च्या दशकात जमिनीला सोन्याचा भाव आला, जागा रिकाम्या करायला दांडगाई सुरू झाली. तेव्हा या गल्ल्यांवर जीव असलेल्या लोकांनी आळीपाळीने रात्री पहारा दिला.