काळ्या दगडाची कमाई

डोंगरी बुजरुकच्या खदानीतला दगड नुसता हातात घेतला तरी बोटं काजळतात. धुतली तरी नखांच्या कडेला काळं उरतं. हा मॅंगनीजचा डायऑक्साइड. टॉर्चचा जुना सेल फोडल्यावर जी काळी भुकटी सांडते, ती याच जातीची. डोंगरीपासून जवळच असलेल्या चिखल्याचा दगड मात्र वेगळा आहे. तो टणक, पोलादी झाक असलेला आणि आकाराच्या मानाने फार जड असतो. तो भट्टीत जातो आणि पोलादात मुरतो.

भंडारा म्हटलं की धान, तलाव आणि पितळेची भांडी आठवतात. पण तुमसर तालुक्याच्या उत्तर टोकाला, मध्य प्रदेशच्या सीमेलगत, शंभराहून अधिक वर्षं आणखी एक पीक निघतं आहे. फरक एवढाच की धान दरसाल उगवतं आणि हे पीक एकदाच निघतं. या खदानींचा विचार करताना तो फरक मला सतत आठवत राहतो.

नागपूर, भंडारा आणि बालाघाट या जिल्ह्यांतून जाणारा हा खनिजपट्टा भूगर्भशास्त्रात सौसर मालिकेचा भाग आहे. ली फर्मर या शास्त्रज्ञाने १९०९ साली भारतातल्या मॅंगनीजवर प्रचंड ग्रंथ लिहिला. मॅंगनीजयुक्त गार्नेटच्या एका खडकाला त्याने इथल्या गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ हे नाव दिलं. दगडाला गोंडांचं नाव मिळालं, पण खाणींचा नफा विलायतेला गेला. १८९६ साली स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटची पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मॅंगनीज ओअर कंपनी झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेच्या पोलाद कारखान्यांची भूक वाढत होती आणि भारत जगातल्या आघाडीच्या मॅंगनीज उत्पादकांत जाऊन बसला होता. तुमसर रोड ते तिरोडी हा रेल्वेफाटा या मालाच्या वाहतुकीचा कणा झाला. गोबरवाही, डोंगरी बुजरुक ही त्यावरची स्थानकं आजही खदानींची आठवण करून देतात.

स्वातंत्र्यानंतर हिशेब बदलू लागला. १९६२ साली मॅंगनीज ओअर इंडिया ही कंपनी स्थापन झाली. तिच्यात केंद्र, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांचे मिळून ५१ टक्के आणि त्या जुन्या ब्रिटिश कंपनीचे ४९ टक्के भाग होते. १९७७ साली उरलेले ४९ टक्केही सरकारने घेतले. नागपुरात मुख्यालय असलेली हीच आजची ‘मॉयल’. २०१० साली तिचे शेअर बाजारात आले. देशातल्या मॅंगनीज उत्पादनाचा जवळपास निम्मा वाटा तिचा आहे आणि २०२३-२४ मध्ये तिने साडेसतरा लाख टनांहून अधिक खनिज काढलं.

डोंगरी बुजरुक ही उघडी खदान. पायऱ्यापायऱ्यांनी डोंगर खाली उतरत जातो आणि बाजूला दगडमातीचे दुसरे डोंगर उभे राहतात. चिखल्याचं काम जमिनीखाली चालतं. खनिजाचा एक थर सुरुंगाने फोडून बाहेर काढायचा, रिकामी झालेली पोकळी पाण्यातून आणलेल्या रेतीने भरायची आणि त्या रेतीवर उभं राहून वरचा थर कापायचा. भरल्याशिवाय वर सरकायचं नाही. छत डोक्यावर टिकून राहतं ते या शिस्तीमुळे.

वर पृष्ठभागावर दगड फोडणं, वेचणं आणि प्रतीनुसार ढीग लावणं ही कामं पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी केली. जमिनीखाली उतरायला त्यांना कायद्याने बंदी होती. २०१९ साली त्यात काही अटींवर सूट मिळाली. मॅंगनीजची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर मज्जासंस्थेवर आघात होतो, हात थरथरतात, चाल बिघडते. हा आजार वैद्यकाला १८३७ पासून माहीत आहे. म्हणून मुखपट्टी, पाण्याची फवारणी आणि नियमित तपासणी यांना मी खर्च मानत नाही. ती मजुरीइतकीच हक्काची देणी आहेत.

खदानीने या मुलखाला काय दिलं? दरमहा येणारा पगार, भविष्यनिर्वाह निधी, क्वार्टर, दवाखाना. पावसाने धान बुडवलं त्या वर्षी घरातला एक खदान-कामगार अख्ख्या कुटुंबाला टेकू देतो. हे थोडं नाही. पण खनिजातली मोठी कमाई भट्टीनंतर सुरू होते. सिलिको मॅंगनीज या मिश्रधातूच्या एका टनाला सुमारे चार हजार युनिट वीज लागते, त्यामुळे भट्टी जिथे वीज परवडते तिथे जाते. तुमसरजवळ माणेकनगरला फेरो मॅंगनीजचा मोठा कारखाना होता. तो बंद पडला, आणि खनिज शेजारी असूनही हातचं काम गेलं. डोंगरीतला मॉयलचा कारखाना खनिजापासून सेलसाठी शुद्ध डायऑक्साइड बनवतो. माल इथेच घडवता येतो, याचं हे छोटं पण खरं उदाहरण आहे.

इथे बोट्सवाना आठवतो. १९६६ साली स्वतंत्र झाला तेव्हा त्या देशात डांबरी रस्ता उणापुरा बारा किलोमीटर होता. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. सरकारने डी बीअर्स या हिरे कंपनीशी घासाघीस करून खाणकंपनीतला आपला वाटा १५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेला आणि त्या पैशातून शाळा, दवाखाने, रस्ते उभे केले. १९९४ पासून पुढच्या पिढ्यांसाठी ‘पुला’ निधीत शिल्लक ठेवली. तरीही जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू पडतात ते सुरतेत. बोट्सवानाला ते काम आपल्याकडे ओढण्यासाठी अजून झगडावं लागतं. हिरा असो की मॅंगनीज, नुसतं खणून देणाऱ्याच्या वाट्याला कमीच येतं.

आपल्याकडे २०१५ च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. जुन्या खाणपट्ट्यांनी स्वामित्वधनाच्या ३० टक्क्यांइतकी जादा रक्कम त्यात भरायची आणि ती खाणबाधित गावांच्या पाणी, आरोग्य, शिक्षणावर खर्चायची. चिखला, सीतासावंगी, डोंगरी, गोबरवाही इथल्या ग्रामसभांनी या पैशाचा हिशेब दरवर्षी मागितला पाहिजे. नळाला पाणी आलं का? दवाखान्यात फुप्फुसांची तपासणी होते का? खदानीतल्या बाईची मुलगी तंत्रशिक्षणापर्यंत पोचली का?

चिखल्याच्या भुयारात उतरणाऱ्या प्रत्येकाला एक नियम पाठ असतो: जेवढं काढलं तेवढं भरायचं, मगच वरच्या थराला हात लावायचा. तो नियम भुयाराबाहेरच्या गावांनाही लागू झाला पाहिजे.