'ओले होणे' आणि 'धरणे' : सोल्डर पेस्टच्या दोषांची मराठी परिभाषा

इलेक्ट्रॉनिक यंत्रांच्या सर्किट बोर्डांवर सुटे भाग कसे बसवावेत, हे सांगणारी एक सूचनापुस्तिका इंग्रजीतून मराठीत आणली गेली होती. तिची भाषा तपासून देण्याचे काम काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाकडे आले. तीत एक वाक्य होते : 'सोल्डरने तांब्याचा पृष्ठभाग पूर्णपणे ओला केला पाहिजे.' व्याकरणदृष्ट्या त्यात खोट नव्हती. परंतु ज्यांच्यासाठी ती पुस्तिका होती त्या कामगार मुलींपैकी एकीने ते वाचून विचारले, "सर, पाणी किती लावायचं?" तपासनिसाचा डौल त्या एका प्रश्नाने उतरला, कारण या पदार्थाचा पहिला शत्रू पाणीच आहे.

सोल्डर पेस्ट म्हणजे कथलाच्या मिश्रधातूची अतिसूक्ष्म, गोल कणांची भुकटी आणि फ्लक्स यांचा दाट लेप. वजनाने त्यात सुमारे ९० टक्के धातू असतो, आकारमानाने मात्र जेमतेम निम्मा. पूर्वीच्या मिश्रणात ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे असे. ते १८३ अंश सेल्सियसला वितळे. युरोपीय संघाने जुलै २००६ पासून शिशावर निर्बंध आणल्यावर कथील, चांदी व तांबे यांचे मिश्रण रूढ झाले आणि ते २१७ अंशांच्या सुमारास वितळू लागते. फ्लक्सचे कार्य आपल्याला अपरिचित नाही. कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकतो, तो धातूवरील ऑक्साइडचा मळ जावा म्हणूनच.

पेस्टचा डबा शीतकपाटात ठेवतात. तो बाहेर काढल्यावर झाकण न उघडता काही तास तसाच राहू द्यावा लागतो. थंड डबा लगेच उघडला तर हवेतील बाष्पाचे दव लेपावर जमते. मुंबईच्या पावसाळ्यात तर याला क्षणाचाही विलंब लागत नाही. हे पाणी पुढे भट्टीत उसळते आणि धातूचे बारीक मणी आसपास उडवते. असा एक मणी दोन वाटांच्या मध्ये अडकला, तर बोर्ड निकामी होऊ शकतो. घाई म्हणून डबा तापविणे हाही उपाय नव्हे. त्याने फ्लक्स भुकटीपासून सुटा होतो.

मग इंग्रजी लेखकाला 'ओले' म्हणून काय अभिप्रेत होते? वितळलेला धातू तांब्यावर पसरावा आणि त्याच्या कडा सौम्य उताराने पृष्ठभागात मिसळाव्यात, एवढेच. तसे न घडता तो अळवावरच्या पाण्यासारखा थेंब होऊन राहिला, तर तांबे मळलेले आहे, फ्लक्सचा जोर संपला आहे, किंवा उष्णता अपुरी पडली आहे. कल्हईच्या व्यवहारात यासाठी शब्द तयारच आहे : भांडे कल्हई 'धरते' किंवा धरत नाही. डाख हा सोल्डरसाठी जुना मराठी शब्द; तांब्याने डाख धरला पाहिजे, असे म्हटले की पाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पारिभाषिक कोशाकडे धावण्यापूर्वी अनुवादकाने कल्हईच्या भट्टीपाशी घटकाभर बसावे, असे माझे मत तेव्हापासून झाले आहे.

दोष दिसतो भट्टीनंतर. जन्मतो मात्र बहुधा त्याआधी, छपाईच्या वेळी. छिद्रे पाडलेला १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा पोलादी पत्रा बोर्डावर ठेवून पट्टीने लेप पुढे ओढतात. हा लेप दाबाखाली हलला की पातळ होतो आणि थांबला की पुन्हा दाट. पत्र्यावर फार वेळ राहून तो सुकला, तर छिद्रे बुजून डाख कमी पडतो. खोली फार उष्ण असली, तर लेपाचे ठिपके ढासळून शेजाऱ्याला मिळतात. याला 'पूल' म्हणतात. येथे अनुवाद सुखाने होतो. छपाई बिघडलेला बोर्ड भट्टीत न घालता पूर्ण पुसून स्वच्छ करावा, आणि पत्र्यावर उरलेला लेप ताज्या डब्यात मिसळू नये. या दोन सूचना पुस्तिकेत तळटिपांत लपल्या होत्या, त्या आम्ही मुख्य मजकुरात आणल्या.

सर्वांत अडखळलो ते 'थडगे' या शब्दापाशी. मिलिमीटरभर लांबीच्या भागाच्या एका टोकाखालील लेप आधी वितळला, की पृष्ठताण ते टोक खाली ओढतो आणि दुसरे टोक वर उचलले जाऊन भाग उभा राहतो. दोन्ही टोकांखाली लेप सारखा नसणे, किंवा एक टोक रुंद तांब्याला जोडलेले असल्याने उशिरा तापणे, ही याची नेहमीची कारणे. वितळबिंदूजवळ तापमान सावकाश चढविले, तर दोन्ही टोके एकदम वितळतात. इंग्रजांच्या दफनभूमीत शिळा उभी असते, म्हणून त्यांना ती आठवली. आपले थडगे आडवे. उभे असतात ते गावोगावचे वीरगळ. मी तो शब्द सुचविला, तेव्हा तीच मुलगी म्हणाली, "सर, वीरगळाला आम्ही शेंदूर लावतो. हा तर बिघाड." वीरगळ खोडला आणि 'उभा राहिलेला भाग' असे लिहिले.