जबडा एवढासा, दात मात्र ४२

पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला साधारणपणे ४२ दात असतात. ग्रेट डेनला तेवढे आणि चिवावालाही तेवढेच. पॉमेरेनियन, शित्झू, यॉर्कशायर टेरियर यांच्या इवल्याशा जबड्यात मग ते दाटीवाटीने, वाकडेतिकडे उगवतात. फटींत अन्न अडकतं, दातांवर जिवाणूंचा चिकट थर बसतो आणि काही दिवसांतच त्याचं कडक कीटण होतं. पुढे हिरड्या सुजतात, दाताभोवतीचं हाड झिजतं. या जातींत खालच्या जबड्याचं हाड दातांच्या मुळांच्या मानाने मुळातच पातळ. ते आणखी झिजलं, तर दात काढतानाही जबडा मोडू शकतो.

दुधाचे २८ दात सहा-सात महिन्यांपर्यंत पडायला हवेत. छोट्या जातींत दुधाचे सुळे बरेचदा तसेच राहतात. एका जागी दोन सुळे दिसले, तर पशुवैद्यांना दाखवा.

चघळल्याने दात काही अंशी घासले जातात, हे खरं. पण म्हणून नळीचं हाड किंवा शिंग देणं हा शुद्ध अविचार. वरच्या जबड्यातली मोठी दाढ त्यावर चिरते. नखाने दाबून खूण उठत नसेल, तर ती वस्तू चघळायला देऊ नका. शिवाय ब्रशला पर्याय नाहीच: रोज मऊ ब्रश आणि कुत्र्यांसाठीची पेस्ट. आपली टूथपेस्ट नको. काहींत झायलिटॉल असतं, ते कुत्र्यांना विषारी. आणि तोंडाला वास येत असेल, तर ‘कुत्र्याचं तोंड आहे, येणारच’ असं न म्हणता तपासून घ्या.